पंचनाम्यातून गाळलेला वास

त्या घटनेची आठवण मला अजूनही नाकातून येते. उतारावर पुढच्या ट्रकच्या चाकातून करपट वास आला की मी खिडकीची काच वर करतो. बायकोला वाटतं, मला धूर सोसत नाही. खरं कारण मी तिलाही कधी सांगितलं नाही. नोकरीत असताना सांगण्यासारखं नव्हतं. वेळेआधी निवृत्ती घेतली, त्यालाही तीन वर्षं झाली, तरी धीर होत नव्हता. आता लिहून टाकतो. नावं कोणाचीच घेणार नाही. माणसं अजून आहेत, गावही आहे.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी रत्नागिरीजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. तिशी गाठायची होती. मूळचा देशावरचा, सपाटीवर वाढलेला. सायकल सोडली तर दुसरं कुठलंही वाहन मला चालवता येत नव्हतं, आणि ही गोष्ट पुढे फार महागात पडली. मला नव्हे, दुसऱ्याला.

ठाण्याला एक जुनी जीप होती आणि ती चालवायला निवृत्तीला आलेले एक हवालदार. महिन्याचं पेट्रोल ठरलेलं असे आणि ते विसाव्या तारखेलाच तळ गाठे. त्यावर एक तोड होती. आमच्या भागात रस्ता म्हणजे चढ नाहीतर उतार. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, खाडीकडे उतरायला लागलं की हवालदार गिअर काढत, किल्ली फिरवून इंजिन बंद करत, आणि जीप नुसत्या ब्रेकवर सरसर खाली येई. सगळेच तसं करत. खाजगी गाड्या, टेम्पो, कोणीही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटे, पाखरांचे आवाज ऐकू येत. खाली पोचल्यावर चाकांतून करपल्यासारखा वास यायचा. पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं, तेव्हा हवालदार म्हणाले होते, "ब्रेक तापतात, साहेब. थोड्या वेळात निवतात." मी मान हलवली आणि विसरलो. म्हणजे, विसरलो असं पुढे स्वतःला सांगितलं.

एके दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास खाडीकाठच्या एका गावातून पोस्टातला फोन आला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली: घाटीत मोटार भरधाव येऊन अपघात, एक बाई जखमी, जमाव चालकाला मारहाण करीत आहे. आम्ही निघालो.

ती घाटी सड्यावरून थेट बंदरावर उतरते. अडीच-तीन मैलांची, वळणावळणाची, आणि शेवटचा टप्पा सरळ. तो जिथे संपतो तिथेच धक्का आणि तिथेच रोज संध्याकाळी मासळीचा लिलाव. पाट्या, बायका, पोरं, व्यापारी, मिळून शंभरेक माणूस. गाडी त्या माणसांपासून तीस-चाळीस पावलांवर थांबली होती. डावी बाजू रस्त्याकडेच्या गडग्याला, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाला, घासत आली होती. पत्रा फाटलेला, आरसा गेलेला, गडगा दहा हात कोसळलेला.

चालकाला लोकांनी माडाला बांधलं होतं. पंचविशीचा, किडकिडीत, ओठ फुटलेला. गाडीचे मालक एक बागायतदार. पन्नाशीचे, गावात मान असलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते पुढच्याच सीटवर होते. कपाळ फुटलं होतं. एका मासळीवालीच्या पायावर गडग्याचे धोंडे कोसळले होते. तिला फळीवर निजवून आमच्याच जीपमधून दवाखान्यात पाठवायचं ठरलं.

मी जमाव मागे सारत होतो, तेवढ्यात हवालदार गाडीच्या मागच्या चाकाजवळ वाकले आणि मला हाक मारली.

"साहेब, जरा इकडं या. चाकाला हात लावून बघा. वास बघा कसला येतोय."

मी गेलो. वास आला. ओळखीचा. महिन्यातून पंधरा दिवस मी त्याच वासात जीपमधून उतरत होतो.

"अपघात झाल्यावर वास येणारच," मी म्हणालो. "तुम्ही आधी बाईला घेऊन निघा."

ते निघाले. मी जमावाला शांत केलं, चालकाला सोडवून ताब्यात घेतलं, दोन पंच बोलावले. पंचनाम्याला बसलो तोवर तासभर उलटून गेला होता. मी गाडीत शिरून हाताने ब्रेकचं पायडल दाबलं. घट्ट होतं. लिहिलं: ‘ब्रेक दाबून पाहता सुस्थितीत असल्याचे दिसून आले.’ वासाबद्दल एक शब्द लिहिला नाही. पंचांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक आले, त्यांनीही ब्रेक तपासले आणि तोच अहवाल दिला.

जबाब घ्यायला लागलो तर सगळे एकाच गोष्टीवर ठाम. इंजिन बोंबलत होतं. धक्क्यावरचा चहावाला म्हणाला, "विमान उतरतंय असा वाटला." आणि अण्णा तर शपथेवर सांगत होते, "फौजदारसाहेब, मी शेजारी होतो. माझ्या डोळ्यांनी बघितलं. गाडी खाली पळतेय आणि त्याने एक्सिलरेटर दाबला. एकदा नाही, दोनदा."

तिसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस ठाण्याच्या मागच्या दाराने आला. अण्णांच्या वाडीतला. आपलं नाव कुठे येऊ नये, या अटीवर त्याने सांगितलं की अपघाताच्या दिवशी सकाळी अण्णांचं आणि चालकाचं फाटकात जोरदार वाजलं होतं. शब्द त्याला लांबून ऐकू आले नव्हते, पण चालकाने गाडीची किल्ली अण्णांच्या पायाशी फेकलेली त्याने पाहिली होती.

आता सगळं जुळलं असं मला वाटलं. राग होता, ब्रेक शाबूत होता, आणि उतारावर एक्सिलरेटर दाबला होता. निष्काळजीपणाच्या कलमांना मी ३०७ जोडलं. खुनाचा प्रयत्न. जामीनपात्र गुन्हा बिनजामिनाचा झाला, मॅजिस्ट्रेटांनी पोलीस कोठडी दिली. वरिष्ठ म्हणाले, "कबुली घ्या म्हणजे मोकळे."

मी चालकाला समोर बसवलं.

"सकाळी भांडण कशावरनं झालं?"

"काय नाय, साहेब."

"किल्ली फेकलीस की नाही?"

"फेकली."

"का?"

गप्प.

"अण्णांवर राग होता?"

"अण्णा बोलले ताच खरां."

"मग उतारावर गाडी का सोडलीस?"

"सोडली नाय. ब्रेक लागला नाय."

"ब्रेक शाबूत आहे. निरीक्षकांचा अहवाल आहे. उतारावर एक्सिलरेटर दाबलास, हे तरी खरं की नाही?"

"खरां."

"कशाला दाबलास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "गिअर पडायला."

मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. ब्रेक नाही म्हणतो आणि गाडी थांबवायला एक्सिलरेटर दाबला म्हणतो. ज्याला सायकलपलीकडे काही येत नाही अशा माणसाला ते उत्तर उर्मटपणाचंच वाटणार. माझा हात उठला. डाव्या कानावर बसला. जोरात बसला.

चौकशीत हात उचलणारे त्या काळी पुष्कळ होते, मी काही एकटा नव्हतो. पण ते कारण मी आज पुढे करणार नाही. तो माणूस खरं बोलत होता आणि खरं बोलल्याबद्दल त्याला मारलं गेलं, एवढंच त्यात आहे. त्यानंतर तो बोलायचाच थांबला. विचारलं की डोकं किंचित वळवून बघायचा, बस.

सहाव्या दिवशी मासळीवालीचा जबाब घ्यायला मी सिव्हिल हॉस्पिटलात गेलो. तिच्या पायाला प्लास्टर होतं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईशी तिचं भाजीवरून भांडण चालू होतं. मला पाहून ती म्हणाली, "या. आज आठवण झाली?"

"मावशी, गाडी भरधाव आली, बरोबर?"

"आली ती मुकाट आली."

"मुकाट म्हणजे?"

"मुकाट म्हणजे मुकाट. आवाज नाय, काय नाय. मी पाटी उतरवून कट्ट्यावर बसलेली." घाटीच्या शेवटच्या वळणाखाली डोक्यावरचं ओझं टेकवायला बांधलेला दगडी कट्टा आहे, तो मला माहीत होता. "वरनं गाडी दिसली, पण आवाज नाय. वारा यावा तशी येत होती. मग वळणावर बोंबलली."

"म्हणजे तिथे त्याने वेग वाढवला."

"तुमी फौजदार की मास्तर? मी सांगतंय ता आदी लिवा. बोंबलली नि हळू झाली."

मी लिहिता लिहिता थांबलो. "आवाज वाढला आणि गाडी हळू झाली?"

"दोनदा. बोंबलली नि हळू झाली. परत बोंबलली नि आणखी हळू झाली. हॉर्न चालूच. हात बाहेर काढून ओरडत होता, बाजूला व्हा, बाजूला व्हा. मग गडग्याला घासवलान गाडी. गाडी मला लागलीच नाय. गडगा माझ्या पायावर आला."

"तुमचा पाय मोडला, मावशी. तुमची त्याच्याविरुद्ध तक्रार..."

"मोडलान खरा पाय. पण खाली माझी सून लिलावाला बसलेली, कडेवर पोर. तो सरळ गेला असता तर आज मी कोनाशी भांडले असते?" तिने शेजारच्या खाटेकडे एक नजर टाकली. "जीव घ्यायला निघालेला माणूस हॉर्न वाजवतो काय हो?"

बाहेर आलो. हवालदार जीपला टेकून विडी ओढत होते. मला पाहून त्यांनी ती विझवली.

मी विचारलं, "हवालदार, उतारावरनं गाडी येतेय आणि आवाज नाही. कशी काय?"

त्यांनी विझलेली विडी खिशात टाकली. मग म्हणाले, "साहेब, आपली जीप कशी उतरते?"

मी जीपच्या मागच्या चाकाकडे पाहिलं.

"मी त्या दिवशी चाकाचा वास दाखवला होता तुम्हाला," ते पुढे म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. "इंजिन बंद, गिअर नाही, सगळा भार ब्रेकवर. जुनी गाडी, ब्रेकचं जुनं ऑईल. तापून तापून ते उकळतं, साहेब. मग पायडल दाबलं की ताकात पाय घातल्यासारखं खाली जातं. तासाभराने निवलं की पुन्हा घट्ट. तुम्ही दाबलंत तेव्हा निवलं होतं. निरीक्षक आले दुसऱ्या दिवशी."

"मग एक्सिलरेटर?"

"ते तोंडानं सांगून नाही कळायचं. बसा एकदा शेजारी."

वरिष्ठांची परवानगी मी मागितली नाही. मिळाली नसती. स्टेशन डायरीला ‘पेट्रोलिंगकामी रवाना’ अशी नोंद केली. निरीक्षकांना मात्र विनंती करून बोलावलं. ते नाराजीनेच आले. सकाळची वेळ धरली, धक्का रिकामा असतो तेव्हाची. प्रत्येक वळणावर एक शिपाई उभा केला. शेवटच्या टप्प्यात उरलेल्या गडग्याला हवालदारांनी गावातून भाताचा पेंढा आणून भारे लावले.

"बाईसाहेबांना सांगून आलात ना?" जीपमध्ये बसताना त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं केलंत. मीही नाही सांगितलं."

पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. इंजिन बंद करून, ब्रेकवर, नेहमीसारखे खाली आलो. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं. हवालदार म्हणाले, "निवू द्यायचं नाही. परत वर." दुसऱ्या खेपेलाही वास फक्त वाढला. तिसऱ्या खेपेला चौथ्या वळणावर त्यांनी पायडल दाबलं आणि ते तळापर्यंत गेलं. त्यांनी दोनदा पटापट मारून पाहिलं. काही नाही.

"गेला, साहेब," ते शांतपणे म्हणाले.

जीप पळायला लागली. माझ्या हातांनी समोरची दांडी कधी धरली मला कळलं नाही. हवालदारांनी किल्ली फिरवली, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. हिसका बसला, इंजिन जागं झालं आणि ओरडलं. जीप जराशी मागे ओढली गेली, जसं कोणी मागून पदर धरावा. मग त्यांनी क्लच दाबला, गिअर मोकळा केला आणि एक्सिलरेटरवर पाय दिला. मी तो पाय पाहिला. उतार, ब्रेक नाही, आणि हा माणूस एक्सिलरेटर दाबतोय. क्षणभर मलाही वाटलं, हा आपल्याला मारणार. इंजिन किंचाळलं, त्या किंचाळीतच दुसरा गिअर आवाज न करता बसला, क्लच सुटला, आणि जीप अशी दबली की माझं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

"वरच्या गिअरातनं खालचा घ्यायचा तर इंजिन आधी तेवढं पळवावं लागतं," ते मोठ्याने सांगत होते. "नाहीतर दात दाताला लागतात, गिअर पडतच नाही. आणि एकदा मोकळा राहिला की संपलं. तिसऱ्यातनं एकदम पहिला नाही. पायरी पायरीनं."

सरळ टप्प्यावर पुन्हा तेच. क्लच, एक्सिलरेटर, किंचाळी, पहिला गिअर. मग हँडब्रेक, एकदम ओढला नाही, थोडा ओढून सोडला, पुन्हा ओढला. शेवटी पेंढ्याला बाजू घासवत जीप उभी राहिली. कट्ट्याच्या थोडं खाली. जिथे ती गाडी थांबली होती तिथून दहा पावलं अलीकडे.

"माझ्याकडे पेंढा होता," हवालदार घाम पुसत म्हणाले. "त्या पोराकडे धोंडे."

चहावाला धावत आला होता. "ह्योच आवाज," तो म्हणाला. "अगदी ह्योच."

निरीक्षकांनी पायडल दाबलं. ते तळाला टेकलं. आम्ही तिथेच चहा घेत बसलो. तासाभराने त्यांनी पुन्हा दाबलं. घट्ट. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि कागद मागितला.

दुपारी मी अण्णांच्या घरी गेलो. कपाळाला पट्टी होती. मी एकच प्रश्न विचारला. "घाटी उतरताना इंजिन चालू होतं?"

"बंदच असतं," ते म्हणाले. "नेहमीच."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

त्यांनी कपाळावरची पट्टी चाचपली. "माझ्या. तो नको म्हणत होता. त्या दिवशी सकाळीही नको म्हणाला, ब्रेकचं काम करून घ्या म्हणाला. मी म्हटलं, गाडी माझी आहे. त्याने किल्ली टाकली. त्याच्या आईने ती उचलून परत त्याच्या हातात दिली. त्यांचं घर माझ्या जागेत आहे, फौजदारसाहेब."

मग मला त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला. मी अण्णांना सकाळचा प्रयोग सांगितला. एक्सिलरेटरपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवलं.

"म्हणजे मी जे बघितलं..." ते म्हणाले, आणि आत जाऊन चप्पल घालून आले. "चला. कुठे सही करायची?"

माणूस वाईट नव्हता. त्याने पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. अनेक वर्षं माणसांचे जबाब घेतल्यावर सांगतो, खोटं बोलणाऱ्यापेक्षा अर्धंच समजलेला प्रामाणिक साक्षीदार तपासाला जास्त भरकटवतो. आणि तपास करणारा त्याच्याइतकाच अडाणी असेल तर विचारायलाच नको.

चालक अकराव्या दिवशी सुटला. अण्णा स्वतः कोर्टात आले होते. पुढे गुन्ह्याची समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, कोर्टात मंजूर झाली, आणि त्या घराची जागा अण्णांनी त्याच्या आईच्या नावावर करून दिली. घाटीच्या डोक्यावर गावाने चिऱ्यांचा खांब बांधून पाटी लावली: ‘उतारावर इंजिन बंद करू नये. गाडी गिअरमध्ये ठेवावी.’ आमच्या जीपनेही ती पाटी पाळली. पेट्रोल पंधरा तारखेलाच संपायला लागलं, मग आम्ही चालत गेलो.

इथे ही हकीकत संपवली असती तर ती माझ्या शाबासकीची झाली असती, आणि तशी मी ती अनेक ठिकाणी सांगितलीही आहे. पोलीस प्रशिक्षणात, एका कॉलेजच्या कार्यक्रमात. टाळ्याही घेतल्या. गाळलेला भाग आता लिहितो.

अंतिम अहवाल पाठवताना वरिष्ठांनी विचारलं होतं की ब्रेक तापल्याचं घटनास्थळीच कसं लक्षात आलं नाही. मी लिहिलं: ‘त्या वेळी तशी कोणतीही चिन्हे आढळली नाहीत.’ ते वाक्य खोटं होतं. चिन्ह नाकात होतं, हवालदारांनी बोटाने दाखवलेलं होतं. मी ते लिहिलं असतं तर त्या माणसाचे अकरा दिवस वाचले असते. मी ते गाळलं, कारण जमाव समोर होता, गोष्ट सरळ दिसत होती, आणि तो वास आमच्याच जीपचा होता. त्याच्याबद्दल लिहायचं तर आपल्याबद्दल लिहावं लागलं असतं. हवालदारांनी ते वाक्य वाचलं आणि कागद परत ठेवला. माझ्या सेवापुस्तकात ‘उत्तम तपास’ अशी नोंद झाली.

दुसरं, सुटताना चालकाला मी त्याचं लायसन परत दिलं. "जपून चालव," असं काहीतरी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही. त्याने मान फिरवून उजवा कान पुढे केला. मला तेव्हाच समजलं. मी वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, आणि दुसऱ्या कागदात डोकं घातलं. त्यानंतर माझी बदली झाली, आणखी बदल्या झाल्या. ज्या माणसाला गिअर कधी बदलायचा हे इंजिनाच्या आवाजावरून कळतं, त्याचा कान. रत्नागिरीकडची बदली मी दोनदा टाळली, ती हवेमुळे नव्हे.

गेल्या हिवाळ्यात शेवटी गेलो. शोधायला वेळ लागला नाही. तालुक्याच्या गावात त्याचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. केस पांढरे, पोट सुटलेलं. मला पाहिल्यावर त्याने ओळखलं, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. वास, पंचनामा, अहवालातलं वाक्य, आणि कान. बराच वेळ लागला. तो उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होता.

मग म्हणाला, "वासाचां मला ठाव नव्हतां." त्याने कप खाली ठेवला. "ता लिवलां असतात तर बरां झालां असतां. आई तेवढे दिवस जेवली नाय."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही. मागून द्यायला लावायची ती गोष्ट नव्हे.

"आणि कान?" मी विचारलं.

"पयली दोन वर्षां गिअर कळेना. आवाज एकाच बाजूनं यायचा. मग हातानं ऐकायला शिकलो. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की इंजिन तळव्यात बोलता." तो किंचित हसला. "नि आता शिकवायला बसतो तर शिकणारा माणूस उजवीकडे. चांगला कान त्याच्याकडं. मारलीत ती बाजू बघून मारलीत, साहेब."

मी हसू शकलो नाही. त्याने विचारलं, "गाडी येते तुमाला?"

"अजून नाही."

"उठा मग."

सड्यावर मोकळ्या जागेत तीन दिवस त्याने मला शिकवलं, पोराला शिकवावं तसं, चुकलो की चिडवत. चौथ्या दिवशी सकाळी घाटीच्या डोक्यावर गाडी उभी करायला लावली. चिऱ्यांचा खांब अजून आहे, पाटीवरची अक्षरं नव्याने रंगवलेली. त्याच्या पायाशी शिकवणीचा दुसरा ब्रेक होता, तरी मी तळवे पँटला पुसले.

"दुसऱ्यात टाका. ब्रेकवरचा पाय काढा."

"काढतो."

"काढलात नाय. काढा. हात दांड्यावर ठेवा. कळतंय?"

कळत होतं. तळव्याखाली इंजिन घुमत होतं, उताराने गाडीला ओढलं की घोगरं होत होतं, वळणावर सैल पडत होतं. गाडी धावत नव्हती आणि थांबतही नव्हती, जणू कोणी हाताला धरून उतरवत होतं. ओझं टेकायचा कट्टा गेला. गडगा पुन्हा रचलेला दिसला, त्यावर शेवाळ आलं होतं. खाली धक्क्यावर जाळी वाळत होती.

या एका गुन्ह्याने मला काय शिकवलं ते मी प्रशिक्षणात वेगळ्या शब्दांत सांगायचो. खरं ते एवढंच आहे: घटनास्थळी जे नाकाला, डोळ्याला, हाताला लागेल ते आधी लिहावं, आणि आपल्याला काय वाटतं ते नंतर. आणि समोरच्याच्या कामातलं आपल्याला कळत नसेल तर त्याला विचारावं, स्वतःचे हात बांधून.

धक्क्याजवळ गाडी उभी केली. मी उतरलो, मागच्या चाकाजवळ वाकलो आणि हात लावला. जेमतेम कोमट होतं. वास नव्हता. खारा वारा होता आणि सुकत घातलेल्या मासळीचा दर्प.

तो दुसऱ्या बाजूने उतरून माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मी वाकलेला बघून म्हणाला, "लिवा आता पंचनामा."

तो हा.